जो मला खरी कुस्ती देईल त्याला

मी, ओडिवाल्डो मिरांडा पिन्येरो, वय वर्षे एकोणपन्नास, पूर्वी पिंजऱ्यातल्या लढतींचा जगज्जेता, सध्या धंदा काही नाही, राहणार काशोएरा दो अरारी, माराजो बेट, पारा राज्य, असे लिहून ठेवतो की हे मृत्युपत्र मी माझ्या राहत्या घराच्या ओसरीवर बसून, राजीखुशीने, कोणाच्याही धाकात न येता सांगितले आणि नोंदणी कार्यालयाच्या बाई, दोना इवानिल्दे, यांनी ते उतरवून घेतले. अमेरिकेत असताना एका वकिलाने माझ्याकडून इंग्रजीत करवून घेतलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. ते मला तेव्हाही कळले नव्हते.

मी पूर्ण शुद्धीवर आहे. इतकी वर्षे डोक्यावर ठोसे खाल्लेल्या माणसाच्या शुद्धीवर कोणीतरी शंका घेणारच, म्हणून बेलेम शहरातल्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आकडे उलटे म्हणायला लावले, आठवड्याचे वार विचारले, राज्यपालाचे नाव विचारले. ते मी एका शिवीसकट सांगितले. दाखल्यावर 'उत्तम' असा शेरा आहे.

हे आताच करण्याचे कारण असे की माझ्या डाव्या हाताची बोटे हल्ली मला न विचारता बधिर होतात. शेवटच्या लढतीनंतर माझ्या मानेत धातूची पट्टी बसवलेली आहे, ती सरकली आहे. पुढल्या पंधरवड्यात बेलेमला शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, जगाल, पण चालाल की नाही ते आज सांगत नाही. या पट्टीची गोष्ट गावात कोणाला ठाऊक नाही. मी ती फक्त आईला सांगितली होती आणि आई आता नाही. दोना इवानिल्दे यांनीही ती पोटात ठेवावी.

कलम पहिले. माझी मुलगी थाइसा, राहणार नेवाडा, अमेरिका, हिला कायद्याने जे अर्धे मिळायचे ते मिळावेच. त्यात बेलेमचा फ्लॅट आणि बँकेतले सगळे धरावे. थाइसाला आपली भाषा आता येत नाही. वाढदिवसाला फोन करते, 'पापाय' म्हणते, आणि मग आम्ही दोघेही एकमेकांचा श्वास ऐकत बसतो. मला तेही चालते. अंत्यविधीला तिला येणे जमले नाही तर काशोएरातल्या बायकांनी तिला नावे ठेवू नयेत. ठेवायचीच असली तर मला ठेवावीत, मी ऐकायला नसेन.

कलम दुसरे. जगज्जेतेपदाचा पट्टा बेलेमच्या वस्ताद आर्लिंदो यांच्या तालमीत टांगावा. वस्ताद हयात नाहीत, पण तालीम आहे आणि भिंतीवर जागा आहे. या पट्ट्यामागची गोष्ट लोक चुकीची सांगतात, ती इथे एकदा नीट सांगून ठेवतो.

आमच्या बेटावरच्या कुस्तीत पायाला पाय लावून उभे राहायचे, आणि ज्याच्या पाठीला माती लागली तो हरला. गुण नाहीत, फेऱ्या नाहीत. पाठ लागली की जिंकणारा सोडतो, खाली पडलेल्याला हात देतो, आणि दोघे नदीवर पाठ धुवायला जातात. म्हशी राखता राखता मी हेच शिकलो. विशी गाठायच्या आत बेलेमला गेलो आणि आर्लिंदोंच्या तालमीत पडलो. त्यांनी मला ठोसा शिकवला, लाथ शिकवली, पकडी शिकवल्या, आणि सहा महिन्यांत एका व्यायामशाळेत पिंजऱ्यात उभे केले. मी समोरच्याला कमरेत धरला, उचलला आणि दाणकन पाठीवर आपटला. अख्खी व्यायामशाळा उभी राहिली. मी त्याला सोडला आणि उचलून घ्यायला हात पुढे केला. त्याने तो हात धरला, पाय माझ्या मानेभोवती टाकले आणि माझा गळा आवळला. शुद्धीवर आलो तेव्हा छतावरचा पंखा दिसत होता.

आर्लिंदो माझ्यावर वाकून ओरडत होते, "अरे गाढवा, हात कसला देतोस? पाहुणा आहे का तो?"

मी म्हणालो, "वस्ताद, त्याची पाठ लागली होती."

"पाठ लागली म्हणजे इथे कुस्ती सुरू होते! खाली पडलेला माणूस इथे जास्त वाईट!"

ही चूक माराजोचा माणूसच करू शकतो. ती माझ्या अंगातून काढायला वस्तादांना वर्षे लागली. रोज कोणाला तरी पाडायला लावायचे, वर बसवायचे आणि कानाशी म्हणत राहायचे, "अजून नाही. अजून नाही." पुढे लास व्हेगासला मी पट्टा जिंकला तेव्हा पंचाला मला दोन्ही हातांनी ओढून काढावे लागले. समोरचा माणूस केव्हाच बेशुद्ध पडला होता. लोक त्याला माझा क्रूरपणा म्हणतात. मी फक्त कोणीतरी 'पुरे' म्हणायची वाट पाहत होतो.

त्या रात्री हॉटेलात माझ्याभोवती पुष्कळ माणसे होती. त्यांतल्या कोणीही मला नदीवर पाठ धुवायला चल म्हटले नाही. हे लिहिण्यासारखे आहे की नाही माहीत नाही, पण मला पट्टा बघितला की तेच आठवते.

कलम तिसरे. लढतींचा ठेकेदार डग रिटर याने मला 'माराजोचा रेडा' असे नाव दिले आणि प्रत्येक लढतीच्या आधी शिंगांचा टोप घालून चालायला लावले. म्हशी राखणाऱ्या माणसाला तो टोप घालून हजारो लोकांसमोर चालताना काय वाटते, हे त्याला मी दुभाष्याकरवी पुष्कळदा सांगितले. तो टोप टपालाने त्यालाच पाठवावा. त्याने तो घालून स्वतःच्या बायकोसमोर एकदा चालून दाखवावे, एवढीच इच्छा आहे.

कलम चौथे. प्रिन्सेझा ही म्हैस म्हातारी आहे, तिला विकू नये, कापू तर मुळीच नये. ती शेजारच्या दोना लिंदाल्वा यांना द्यावी. दोना लिंदाल्वा आई गेल्यापासून रोज दुपारी आसाईच्या फळांचा गर, तळलेला मासा आणि कसाव्याच्या पिठाचे ताट कुंपणाच्या खांबावर ठेवतात आणि "चँपियन, जेवण!" म्हणून हाक मारून निघून जातात. मी येईपर्यंत त्या थांबत नाहीत. जगज्जेत्याशी काय बोलायचे, असे त्यांना वाटत असावे. मासा छान असतो.

कलम पाचवे. नदीकाठचे हे लाकडी घर, मागची कुरणाची जमीन आणि म्हशींचे डबके, हे सगळे काशोएरातल्या अशा माणसाला द्यावे जो माझ्या हयातीत, म्हणजे आजपासून माझी होडी बेलेमला निघेपर्यंत, मला एक खरी कुस्ती देईल.

हे थोडे समजावून सांगायला हवे. लढती सोडून मी परत आलो त्या जानेवारीत सेबास्तियन संताच्या जत्रेत, जत्रेचा खांब पाडून कुस्त्या लावतात त्या दिवशी, चिखलात उतरलो. सारे आयुष्य त्या दिवसाची वाट पाहिली होती. पहिला गडी समोर आला, पायाला पाय लावला, मी त्याच्या खांद्याला हात लावला आणि तो पाठीवर आडवा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसराही तसाच, तिसराही तसाच. दणकट गुराखी, रेड्याचे शिंग धरून त्याला बसवणारे, माझा हात लागताच उन्हातल्या लोण्यासारखे खाली. मला वाटले, मी परत आलो म्हणून पहिल्या वर्षी मान देतात. दुसऱ्या वर्षीही तेच. दर जानेवारीला तेच. मी मेहनत करून, वजन उतरवून जातो, नुरा कुस्ती खेळतो आणि कोरड्या पाठीने घरी येतो. पाय तेवढे धुवावे लागतात.

मी गावाला पाण्याचा पंप दिला, शाळेचे छप्पर दिले. त्याची ही परतफेड असेल तर मला नको होती. दुकानात शिरलो की लोक उठून खुर्ची देतात. मी बसलो की बोलणे थांबते. कोणी माझ्याशी भांडत नाही, पत्त्यांत कोणी मला हरवत नाही, वाटेत कोणी धक्का देत नाही. ज्या माणसाचे सगळे आयुष्य दुसऱ्याच्या अंगाला अंग भिडवण्यात गेले त्याला अकरा वर्षे कोणी धड धरलेले नाही. मी फार एकटा आहे. दोना इवानिल्दे म्हणतात हे वाक्य मृत्युपत्रात बसत नाही. ते राहू द्यावे.

कोणीच पुढे आले नाही तर घर पाडून लाकूड विकावे.

कलम सहावे. ओटोनिएल ब्रागा, धंदा गुराखी, माझ्या मुलीचा धर्मपिता, याला काहीही देऊ नये. कलम पाचवे त्याला लागू नाही.

लहानपणी माझ्या पाठीला माती लावणारा गावात एकच होता, तो हा. वाळलेल्या काटकीसारखा दिसायचा, आणि कोणत्या बाजूने टांग मारायचा ते शेवटपर्यंत कळायचे नाही. अमेरिकेत वजन उतरवण्यासाठी गरम पाण्याच्या टबात शिजत पडलेला असताना मी डोळे मिटून ओटोनिएलशी कुस्ती खेळायचो. परत आलो ते त्याच्याशी भिडायला, असे म्हटले तरी खोटे नाही. त्या पहिल्या जानेवारीत शेवटी तो समोर आला. पायाला पाय लावला. माझ्या तोंडाकडे बघितले नाही. मी हात लावला आणि तोही पडला. इतरांचे मला हसू आले होते. ओटोनिएल पडला तेव्हा मी घरी येऊन आईसमोर रडलो. आईने माझ्या कोरड्या पाठीवरून हात फिरवला आणि जेवायला वाढले. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. तो समोरून आला की मी नदीकडे बघतो.

कलम सातवे. मला आईच्या शेजारी पुरावे. भाषणे नकोत.

पुरवणी, त्याच दिवशी, माझ्या स्वतःच्या हातची. अक्षर वाईट आहे, मी डावखुरा, तो बोटांचा दोष आहे. कागदाला लागलेल्या मातीबद्दल दोना इवानिल्दे यांनी हरकत घेतली आहे, ती नोंदवावी.

वरचे सगळे लिहून झाल्यावर साक्षीदारांचा प्रश्न आला. कायद्याने दोन हवेत. दोना इवानिल्दे म्हणाल्या, "ज्याला काही मिळणार तो साक्षीदार चालत नाही. आणि तुम्ही तर अख्ख्या काशोएराला घराची आशा लावून ठेवलीत. आता माणूस आणू कुठून?"

मी म्हणालो, "अनासियो नावाडी आहे. तो पलीकडच्या गावचा."

"तो एक झाला. दुसरा?" त्यांनी पान उलटले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितले. "ज्याला काहीही मिळणार नाही असं तुम्ही नाव घेऊन लिहिलेला एकच माणूस आहे."

"त्याला या ओसरीवर आणायचं नाही."

"मग मृत्युपत्र होत नाही. मी चालले, मला जेवायचंय."

अनासियो जाऊन ओटोनिएलला घेऊन आला. तो कुरणातून तसाच आला होता, अनवाणी, हातात दोरी. ओसरीच्या पायरीवर बसला, माझ्याकडे पाठ करून. मी नदीकडे बघत होतो. साक्षीदारांसमोर सगळे मोठ्याने वाचावे लागते, तसे दोना इवानिल्दे वाचू लागल्या. मानेच्या पट्टीपाशी आल्या आणि अडखळल्या.

ओटोनिएल म्हणाला, "वाचा पुढे. पट्टीचं सगळ्या गावाला माहीत आहे."

मी म्हणालो, "कोणी सांगितलं?"

अकरा वर्षांत त्याला उद्देशून बोललेले हे माझे पहिले वाक्य.

"मावशीने. तू परत आलास त्याच आठवड्यात. चर्चच्या पायऱ्यांवर आम्हा सगळ्यांना उभं केलं. म्हणाली, माझ्या पोराच्या मानेत लोखंड आहे. जत्रेत जो कोणी त्याला पाडेल, तो मला पाडतोय असं समजा. संताची शपथ घातली एकेकाला. आणि म्हणाली, त्याला कळू देऊ नका, कळलं तर तो जिद्दीने मान मोडून घेईल." तो दोरीला गाठ मारत होता आणि सोडत होता. "खोटं होतं का ते?"

"आई गेली सहा वर्षं झाली. मग तरी सांगायचंस!"

"शपथ गेली नव्हती ना. आणि तू थांबलास कधी? मी रस्त्याने आलो की तुला नदीतले मासे मोजायचे असायचे."

अनासियो हसला आणि मग खोकल्याचे निमित्त केले.

दोना इवानिल्दे यांनी पुढचे वाचले. कलम पाचवे, कलम सहावे. ओटोनिएल वळला नाही, पण त्याची मान लाल होत गेली. वाचन संपल्यावर मी म्हणालो, "दोना इवानिल्दे, सहावं खोडा. घर याला लिहा."

"खोडू नका," ओटोनिएल म्हणाला. उठला, टेबलाशी आला, लेखणी उचलली आणि साक्षीदाराच्या जागी आपले नाव ओढले. मी अजून सही केलेली नव्हती. दोना इवानिल्दे ओरडल्या, "अहो, आधी त्यांची! आधी त्यांची!"

"त्याची घ्या मागून. आता मी साक्षीदार झालो ना? आता मला घर देता येत नाही, बरोबर?"

"नाही येत."

"मग ठीक." त्याने दोरी कठड्यावर टाकली. "घरासाठी पाडलं असं कोणी म्हणायला नको. चल, ऊठ रे रेड्या."

मी म्हणालो, "शपथेचं काय?"

"मावशीकडे मी बघून घेईन. तिकडे गेल्यावर कान धरेल, धरू दे. बेलेमहून तू कसा येशील कोणाला ठाऊक. मला आणखी अकरा वर्षं असं पाठ करून पायरीवर बसायचं नाही."

आम्ही म्हशींच्या डबक्याशी गेलो. पायाला पाय लावला. तो काळजीने बघत होता, हे मी लिहून ठेवतो, कारण तो नाही म्हणेल. म्हणाला, "मान?" मी म्हणालो, "माझी आहे, तू तुझं बघ." मग मी त्याच्या खांद्याला हात लावला, आणि तो पडला नाही. त्याने मला उलट ढकलले. अकरा वर्षांत मला कोणी उलट ढकलले नव्हते. मला तिथेच रडू आले, आणि रडता रडता मी जोर लावला. पुरा लावला. एकदा त्याचा गुडघा टेकवला होता, अनासियोने पाहिले आहे. पण माझी डावी बोटे सुटली, आणि तेवढ्यात कुठूनशी टांग आली. आजही कळले नाही कोणत्या बाजूने.

मी पाठीवर पडलो. पडताना त्याचा तळहात माझ्या मानेखाली होता.

मी चिखलातून म्हणालो, "हात का घातलास? ही लबाडी आहे."

"पाठ लागली का?"

"लागली."

"मग झालं. कुस्ती पाठीची असते, मानेची नाही."

त्याने मला हात दिला आणि आम्ही नदीवर गेलो. त्याने माझी पाठ धुतली, मी त्याचे गुडघे धुतले. पाणी गार होते. कुंपणापाशी दोना लिंदाल्वा ताट घेऊन उभ्या होत्या. या वेळी त्या थांबल्या होत्या, आणि म्हणाल्या, "पडलास का रे शेवटी?" चँपियन म्हणाल्या नाहीत.

आई, मला तुझा राग आला आहे. तू मला जिवंत ठेवलेस आणि त्यासाठी माझ्याभोवतीची सगळी माणसे बाजूला केलीस. मला विचारले असतेस तर त्या माणसांसाठी मी मान दिली असती. तरी तुझ्याच शेजारी पुरावे, हे कलम कायम आहे.

आता फेरफार. कलम सहाव्यातले 'काहीही देऊ नये' हे कायद्यापुरते राहू द्यावे, कारण साक्षीदाराने तसे करून ठेवले आहे. त्यातला बाकीचा मजकूर मी मागे घेतो. कलम पाचव्याची अट पुरी झाली, पण पुरी करणारा घेत नाही. म्हणून घर, जमीन आणि डबके गावाला द्यावे, कुस्तीच्या फडासाठी. तिथे पायाला पाय लावणाऱ्याने समोरच्याला पाडायचा प्रयत्न करावा, समोरचा कोणीही असो, चाकाच्या खुर्चीतला असला तर त्याने स्वतः नको म्हणेपर्यंत. माझ्या आईने घातलेली शपथ, तिचा एकुलता वारस या नात्याने, मी आजपासून सर्वांना सोडून देतो.

येणेप्रमाणे सांगितले, वाचून घेतले, मान्य केले आणि ओल्या अंगाने सही केली.

ओडिवाल्डो मिरांडा पिन्येरो

साक्षीदार पहिला: अनासियो फुर्तादो, नावाडी. लिहून देणारा शुद्धीवर आहे. गुडघा टेकला होता हे मी पाहिले, पण ती कुस्ती नव्हे.

साक्षीदार दुसरा: ओटोनिएल ब्रागा, गुराखी. लिहून देणारा शुद्धीवर आहे. त्याने पुरा जोर लावला, मीही लावला. बेलेमच्या होडीत त्याच्यासोबत मी जातो आहे, आणि तो चालायला लागेपर्यंत किंवा न लागेपर्यंत तिथेच राहणार आहे. त्याला हे अजून सांगितलेले नाही.

समक्ष: इवानिल्दे सार्मेंतो, नोंदणी कार्यालय.

स्थळ: काशोएरा दो अरारी. दिनांक ४ डिसेंबर २०२३.